खाऱ्या शंकरपाळ्यांचं लेबल

गणपतीचं विसर्जन झालं, की कोथरूडमधल्या माझ्या छोट्या स्टुडिओत फराळाच्या लेबलांची कामं यायला लागतात. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनी, पलीकडे कर्वेनगर. या भागातल्या कितीतरी घरांत त्या दिवसांत दुपारभर भाजणीचा वास दरवळत असतो. सुरुवात ओळखीच्या चार घरांपासून होते, मग सोसायटी, मग परदेशातल्या मुलांना कुरिअरने जाणारी खोकी. साध्या पिशवीतून तीन-चार दिवाळ्या चकली विकून झाली, की पाकिटावर आपलं नाव असावं असं वाटायला लागतं.

मागच्या वर्षी अशाच एक काकू आल्या. मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "हे टेम्पलेट मला फार आवडलंय. तू यात फक्त नाव बदलून दे. बाकी सगळं तयारच आहे."

लेबल खरंच सुंदर होतं. फिकट मोतिया रंग, भोवती पानाफुलांचं कडं, मध्ये ऐटदार इंग्रजी अक्षरांत कुठल्याशा कुकीजचं नाव आणि खाली बारीक अक्षरांची एक ओळ. काकूंना तिथे हवं होतं: 'खाऱ्या शंकरपाळ्या'.

"बाकी सगळं तयारच आहे" हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकते आहे आणि ते निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं खरं, हे कळलं की टेम्पलेट वापरायचं की कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची, हे ठरवणं सोपं जातं. म्हणून त्या एका लेबलाचं काय काय झालं ते क्रमाने सांगते.

टेम्पलेट उघडलं की आत थर दिसतात. सगळ्यांत खाली रंगाचा थर, त्यावर फुलांचं कडं, त्यावर मजकुराच्या दोन-तीन चौकटी. प्रत्येक चौकटीचा फाँट कोणता, अक्षर किती मोठं, दोन ओळींत अंतर किती, दोन अक्षरांत किती, मजकूर मधोमध की डावीकडून, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. टेम्पलेट घेतो तेव्हा आपण कुणीतरी घेऊन ठेवलेले असे पंचवीस-तीस निर्णय घेत असतो. ते घेणाऱ्या डिझायनरने समोर एक गिऱ्हाईक कल्पिलेलं असतं. त्याचं नाव दोन लहान इंग्रजी शब्दांचं, मालाचं वर्णन एका ओळीचं, लेबल गोल बरणीवर लावायचं. आपलं काम त्या कल्पनेच्या जितकं जवळ, तितके ते निर्णय आपल्याला लागू पडतात.

यातले काही निर्णय फार मोलाचे असतात. काकूंच्या लेबलात मोकळी जागा किती सोडावी, कडं किती जाड असावं, तीनच रंग कसे पुरेसे होतात, हे उत्तम जमलं होतं. नवख्या माणसाला हे सहज येत नाही. जागा दिसली की भरून टाकावी असंच हाताला वाटत असतं. ती सोडायला मला स्वतःला काही वर्षं लागली. त्यामुळे टेम्पलेट वापरणाऱ्याला आळशी म्हणणं मला पटत नाही.

अडचण सुरू झाली ती मराठी अक्षरं आत गेल्यावर.

मी काकूंच्या समोरच इंग्रजी नाव खोडलं आणि 'खाऱ्या शंकरपाळ्या' टाइप केलं. ज्या अक्षरांसाठी त्यांना ते लेबल आवडलं होतं, ती अक्षरं त्या क्षणी गेली. त्या फाँटमध्ये देवनागरी नव्हतीच. फाँटमध्ये एखादं अक्षर नसलं, की सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फाँटमधून ते आणून बसवतं, रिकामा चौकोन दिसू नये म्हणून. त्यामुळे इंग्रजीत जे नाव लग्नातल्या शालूसारखं दिसत होतं, ते मराठीत बँकेच्या फॉर्मवरच्या मजकुरासारखं दिसायला लागलं. काकू म्हणाल्या, "हे असं का झालं गं?"

मग मी देवनागरीचा फाँट निवडला. तरी नाव नीट बसेना. त्याचं कारण लिपीच्या बांधणीत आहे. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात आणि मोठ्या लिपीत तर सगळी एका उंचीची. आपली अक्षरं शिरोरेखेला लटकलेली असतात. तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार चढतात आणि खाली उकार, ऋकार उतरतात. 'मूर्ती' हा एकच शब्द बघा: खाली दीर्घ उकार, वर वेलांटी आणि तिच्या डोक्यावर रफार. इंग्रजीसाठी सॉफ्टवेअर दोन ओळींतलं अंतर आपोआप अक्षराच्या १२० टक्के धरतं. मराठीला ते अपुरं पडतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मी सहसा १४० ते १५० टक्क्यांपासून सुरुवात करते. पण ओळींतलं अंतर वाढवलं की मजकुराची चौकट उंच होते, कडं लहान पडतं आणि ज्या तोलासाठी टेम्पलेट घेतलं तोच ढळतो.

इंग्रजी टेम्पलेटमध्ये ठसठशीतपणा आणायच्या तीन हुकमी युक्त्या असतात. सगळी अक्षरं मोठ्या लिपीत टाकायची, अक्षरांमध्ये भरपूर जागा सोडायची, किंवा तिरपा वळणदार फाँट घ्यायचा. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. अक्षरांत जागा सोडली तर शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. तिरप्या अक्षरांची परंपरा आपल्याकडे नाही. सरळ अक्षर नुसतं कलंडवलं की ते पडल्यासारखं वाटतं. आपल्या हातात राहतात ती अक्षराची जाडी, त्याचा आकार आणि त्याचं वळण. म्हणजे लेबलाचा जो भाग सगळ्यांत आधी नजरेत भरायला हवा, नेमक्या त्याच भागाचे निर्णय मराठीसाठी पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागतात.

आता 'खाऱ्या'. या शब्दातला अर्धा र नीट बघा. तो रफार नाही, य ला चिकटलेली आडवी पापणी आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक त्या एका खुणेवर उभा आहे. एकात पूज्य गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाक करणारे. हिंदीला या पापणीची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या काही फाँटांत ती नीट उमटत नाही. काकूंनी आवडीने निवडलेल्या पहिल्या दोन फाँटांपैकी एकात 'खार्या' असा रफार आला आणि दुसऱ्यात र चा पाय मोडून य वेगळा उभा राहिला. अशा वेळी मी मोहाला बळी पडत नाही; फाँट कितीही देखणा असला तरी बदलते. चुकीचं अक्षर छापून गेलं की दोनशे पाकिटांवर जातं.

ल आणि श यांचंही असंच. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितात. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयातही तीच रूपं धरली आहेत. बऱ्याच फाँटांत मात्र उघडल्याबरोबर दिसतो तो हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि शेंडीफोड्या श. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, फक्त 'हा मजकूर मराठी आहे' असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. मोबाइलवरच्या टेम्पलेट अ‍ॅपमध्ये ते सांगायची सोय सहसा सापडत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे मुळात मराठी रूपं समोर ठेवणारा फाँट घेणं. 'टिरो देवनागरी' हा फाँट हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्यांत मिळतो, तो याच कारणाने. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेले 'मुक्ता' आणि 'बलू' हे फाँट मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. लेबलाच्या बारीक मजकुराला 'मुक्ता' मला फार उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट पुण्यात नेहमी घडते. गिऱ्हाईक जुन्या डीटीपी सेंटरमधून मजकूर टाइप करून आणतं आणि तो टेम्पलेटमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा अगम्य काला दिसतो. मजकूर खराब झालेला नसतो. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी आणि पुण्यातच १९८८मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकचं आयएसएम या दोघांवर मराठी छपाई अनेक वर्षं चालली. त्या काळातल्या फाँटांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या खणांत ठेवलेले असत. फाँट तोच असेल तोवर मराठी दिसतं. फाँट बदलला की खणावरची मूळ इंग्रजी पाटी दिसते. युनिकोडमध्ये १९९१पासून देवनागरीला स्वतःचे खण आहेत आणि आजची टेम्पलेटं फक्त तेच ओळखतात. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणायचा आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचायचा, कारण रूपांतरात जोडाक्षरं हमखास बिघडतात. उलट, मजकूर युनिकोडमध्ये असूनही इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये 'चि'ची वेलांटी च च्या मागे जाऊन बसली, तर फाँटला दोष देऊ नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडा, अक्षरं जागेवर येतात.

इथवर वाचून टेम्पलेट ही कालपरवाची परकी गोष्ट आहे असं वाटेल. तसं मुळीच नाही. आपण पिढ्यान् पिढ्या टेम्पलेटवर जगलो आहोत. लग्नपत्रिकाच घ्या. दुकानात अल्बम उघडायचा, नंबर सांगायचा, गणपती आणि वेलबुट्टी छापलेलं कोरं कार्ड निवडायचं आणि आतला मजकूर स्क्रीन प्रिंटिंगने छापून घ्यायचा. तो मजकूरही ठरलेला: 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'पासून ते तळाशी भाच्याच्या नावाने 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' इथपर्यंत. भिंतीवरची देवादिकांची कॅलेंडरं तशीच. शिवकाशीसारख्या ठिकाणी चित्र छापून तयार असतं, खालच्या कोऱ्या पट्टीवर आपल्या पेठेतल्या किराणा दुकानाचं नाव पडतं. त्याच्याही मागे गेलं तर १८७८मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात काढलेली चित्रशाळा आहे आणि १८९४मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला रविवर्म्यांचा छापखाना आहे. एक चित्र, हजारो प्रती, घरोघरी. रविवर्मा प्रेसची चित्रं पुढे कितीतरी मालांच्या जाहिरातींत आणि लेबलांवर वापरली गेली; लक्ष्मी तीच, खाली मालाचं नाव निराळं.

याच भिंतीवर १९७३मध्ये जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय आलं. त्यात देवाच्या मोठ्या चित्राची जागा तारखांनी घेतली. प्रत्येक चौकोनात तिथी, सण, मुहूर्त आणि पानाच्या पाठीमागे वाचायला मजकूर. कॅलेंडर म्हणजे काय हेच कुणीतरी पहिल्यापासून विचारलं, म्हणून ते तसं झालं.

माझं स्वतःचं मत मात्र मराठी नाटकाच्या जाहिरातींनी घडवलं. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीची चौकट वर्षानुवर्षं तीच: निर्माता, लेखक, दिग्दर्शक, कलाकार, नाट्यगृह, वार, वेळ. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाच्या आवारात लागलेल्या पाट्या बघितल्या तरी हे दिसतं. त्या ठरीव चौकटीत नाटकाचं नाव तेवढं हाताने काढलेलं असतं, आणि तेही त्या एकाच नाटकासाठी. कमल शेडगे यांनी अशी नावं काढण्यात आयुष्य घालवलं. ते २०२०मध्ये गेले, पण त्यांची अक्षरं बघून नाटक विनोदी की गंभीर हे आम्ही लहानपणी वाचण्याआधी ओळखायचो. चौकट सगळ्यांची सारखी असली तरी चालतं, कारण वाचणाऱ्याला वार आणि वेळ कुठे शोधायची ते सवयीने कळतं. नाव मात्र दुसऱ्या कुणासारखं असून चालत नाही. लेबल करताना मी हीच वाटणी करते.

ही वाटणी मला एका चुकीतून पक्की कळली. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका मसालेवाल्या ताईंसाठी मी तयार टेम्पलेट घेतलं, मिरच्यांचं तोरण असलेलं, नाव बदललं, रंग थोडा फिरवला आणि दिलं. दिवाळीच्या आधीच्या एका प्रदर्शनात त्यांच्यापासून तिसऱ्या स्टॉलवर तेच तोरण होतं, तेवढाच लाल रंग, नाव दुसरं. त्या दुसऱ्या बाईंनीही ते रीतसर घेतलं होतं. त्यांची काहीच चूक नव्हती. गिऱ्हाइकं मात्र एकीचा मसाला समजून दुसरीकडून घेऊन जात होती. ताई मला काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी त्या माझ्याकडे आल्या नाहीत, आणि ते योग्यच होतं.

टेम्पलेटचा परवाना असाच असतो: आपल्याला वापरायची परवानगी मिळते, एकट्याने वापरायचा हक्क मिळत नाही. तेच चित्र आणखी हजार जण घेऊ शकतात. म्हणून टेम्पलेटमधलं चित्र आपला ट्रेडमार्क म्हणून सांगायला गेलं तर अडतं. अशा तयार चित्रांचे परवाने बहुधा ते स्पष्ट नाकारतात.

डिझायनरकडून नवं काम करून घेतलं म्हणजे हा प्रश्न आपोआप मिटतो असंही नाही, आणि हे फार थोड्या गिऱ्हाइकांना माहीत असतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या अशा चित्राचा पहिला मालक साधारणपणे तो डिझायनरच असतो. नुसते पैसे दिल्याने हक्क आपल्याकडे येत नाही; तो लेखी, त्याच्या सहीने द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. ज्यांची खोकी अमेरिकेत जातात त्यांनी हे दोन शब्द आठवणीने लिहून घ्यावेत. मी माझ्या बिलाबरोबर तसा एक पानाचा करार देते.

काकूंना मी हे सगळं इतकं तपशिलात सांगितलं नाही. त्यांना मी विचारलं, "तुमच्या शंकरपाळ्या दुसऱ्यांपेक्षा कशामुळे वेगळ्या?"

"तूप जरा जास्त," त्या म्हणाल्या. आणि मग थोडं थांबून, "माझ्या आईचं पितळी कातणं आहे. अजून त्यानेच कापते."

दुसऱ्या दिवशी त्या ते कातणं घेऊन आल्या. लाकडी मूठ गुळगुळीत झालेली, चाकाचे दाते थोडे झिजलेले. मी ते स्टॅम्प पॅडवर फिरवलं आणि जाड कागदावर चालवलं. नागमोडी रेघ उमटली, सगळीकडे सारखी नाही. जिथे दाता झिजला होता तिथे एक लाट बुटकी. सात-आठ रेघा मारल्या, त्यांतली एक निवडली, स्कॅन केली आणि तिचीच चौकट केली. फुलांचं कडं गेलं. ही रेघ दुसऱ्या कुठल्याही पाकिटावर येणं शक्य नाही, कारण ते कातणं एकच आहे.

ब्रँडला त्यांना आईचंच नाव द्यायचं होतं. ते मी फाँटमध्ये न टाकता बोरूने लिहिलं, तीसेक वेळा. त्या नावात एक वेलांटी होती. ती थोडी लांबवून झाऱ्यासारखी वळवली, तेव्हा काकूंनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. कोऱ्या कागदापासून काम करणं म्हणजे माझ्या दृष्टीने हे विचारणं आणि मग तीस वेळा लिहिणं. कॉम्प्युटर त्यानंतर उघडतो.

पण लेबलाचा बाकी भाग मी मुळीच नव्याने शोधला नाही. पाकिटाची मागची बाजू ही कायद्याने जवळपास ठरवून दिलेली चौकट आहे. घटक, वजन, किंमत, बनवल्याचा आणि संपण्याचा दिवस, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, अन्नसुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक. हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ, ज्यात चौकोनाची बाजू वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट हवी. आणि ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागते. मराठी आपण आनंदाने जोडावी, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. परदेशी टेम्पलेटमध्ये यातल्या निम्म्या गोष्टींना जागाच नसते. मी यासाठी माझं स्वतःचं एक टेम्पलेट बनवून ठेवलं आहे, गेली कित्येक वर्षं तेच वापरते. तिथे नवेपणा दाखवण्यात अर्थ नाही.

मग छपाईचं गणित. पडद्यावर रंग प्रकाशाने दिसतात, लाल-हिरवा-निळा. कागदावर ते शाईने उमटतात, निळसर-गुलाबी-पिवळा-काळा. प्रकाशाचा झगझगीत झेंडू रंग शाईत तसा येत नाही, मंदावतो. त्यामुळे मोबाइलवर बघून मंजूर केलेला रंग छापल्यावर 'उतरलेला' वाटतो. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा. तो चार शायांचा मिळून काळा झाला तर छपाईत केसभर फरकानेही अक्षराच्या कडेला रंगीत सावली येते, आणि आपल्या अक्षरांतल्या बारीक पोकळ्या भरून जातात.

सोशल मीडियासाठी केलेलं टेम्पलेट बहुतेकदा १०८० बाय १०८० ठिपक्यांचं असतं. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात, म्हणजे ते चित्र ३.६ इंचांपर्यंत, नऊ सेंटिमीटरच्या जरा वर, स्वच्छ छापलं जाईल. तेच कुणी दहा फुटी फ्लेक्सवर ताणलं तर इंचाला नऊच ठिपके उरतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून फिरून आलेलं असेल तर त्याहून कमी. प्रेसला नेहमी पीडीएफ द्यावी, अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरवर आपला फाँट नसला तरी ऱ्या जागेवर राहतो.

टेम्पलेटचं माप होतं १०० बाय ७० मिलिमीटर. कापताना सुरी थोडी सरकते म्हणून चारही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर रंग जास्त सोडतात. त्याला ब्लीड म्हणतात. म्हणजे एका लेबलाला प्रत्यक्षात १०६ बाय ७६ जागा लागते. डिजिटल प्रेसवरचा स्टिकरचा कागद १२ बाय १८ इंचांचा. कडेचे पाच-पाच मिलिमीटर सोडले तर हाती २९५ बाय ४४७ उरतात. त्यात ही लेबलं तीन गुणिले चार, बारा बसतात. मी माप ९५ बाय ६५ केलं. ब्लीड धरून १०१ बाय ७१. आता चार गुणिले चार, सोळा. दोनशे लेबलांना सतराऐवजी तेराच कागद लागले. पाकिटावर पाच मिलिमीटरचा फरक कुणाच्या लक्षातही आला नाही. टेम्पलेट करणाऱ्याला आपल्या गल्लीतल्या प्रेसचा कागद माहीत नसतो. शेजारी बसून काम करणाऱ्याला तो विचारता येतो.

या सगळ्याला तीन आठवडे लागले. टेम्पलेटने ते काम एका दुपारी झालं असतं. काकूंना परवडलं, कारण हे नाव त्यांना दरवर्षी वापरायचं होतं. 'उद्यापासून ऑर्डर सुरू' असा निरोप, हळदीकुंकवाचं आमंत्रण, सोसायटीच्या गॅदरिंगचं पत्रक, एका रविवारचा दरफलक यांसाठी कुणी माझ्याकडे आलं तर मी त्यांना टेम्पलेटच घ्यायला सांगते, आणि मराठीसाठी केलेलं टेम्पलेट शोधायला सांगते. चार दिवसांनी जे कुणी बघणार नाही, त्यासाठी बोरू झिजवायची गरज नाही. पाककृती अजून पक्की नसलेल्यांनाही मी पहिलं वर्ष टेम्पलेटवर काढायला सांगते. गिऱ्हाईक काय विचारतं, पाकीट कुठल्या बाजूने धरतं, नाव लांबून वाचता येतं का, हे त्या वर्षात कळतं आणि मग नव्या डिझाइनला खरे प्रश्न मिळतात.

यंदा विसर्जनानंतर काकू पुन्हा आल्या. आता चार पदार्थ होते. त्यांच्यासाठी मी त्यांच्या लेबलाचीच एक फाइल करून दिली. कातण्याची चौकट आणि आईचं नाव कुलूपबंद, चित्र म्हणून. त्यांना बदलता येतील अशा फक्त दोन जागा, पदार्थाचं नाव आणि वजन, दोन्ही 'मुक्ता'त, ओळींतलं अंतर आधीच मोकळं धरलेलं. एकदा कोऱ्या कागदापासून केलेलं काम आता त्यांचं स्वतःचं टेम्पलेट झालं होतं.

दोन दिवसांनी फोन आला. "अगं, चिवडा झाला, लाडू झाले, खाऱ्या शंकरपाळ्या तर आहेतच. पण 'ओल्या नारळाच्या करंज्या' काही केल्या एका ओळीत मावत नाहीये. अक्षर लहान करू का?"

"लहान नका करू काकू. 'ओल्या नारळाच्या' वर बारीक घ्या आणि 'करंज्या' खाली मोठं."

फोन चालूच होता. पलीकडून थोडा वेळ नुसता कढईतला आवाज येत राहिला, मग त्या म्हणाल्या, "हां. बसलं."